टपालवाला, एलायझा आणि वेबहुक

गेले काही दिवस मी एका शब्दाच्या मागे लागले आहे. शब्द आहे 'वेबहुक'. माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या क्षेत्रात आहे. फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "बाई, बॉट तयार आहे, आता फक्त व्हॉट्सॲपला वेबहुकने जोडायचा राहिलाय." बॉट म्हणजे आपण निरोप लिहिला की माणसाच्या ऐवजी उत्तर देणारा प्रोग्रॅम, एवढं मला ठाऊक होतं. पण हा हुक कसला? पडद्याचा की ब्लाउजचा? त्याने हसत हसत समजावून सांगितलं. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट कळली की लगेच पुढचा प्रश्न पडतो... हे कधीपासून? आणि याच्या आधी काय होतं? मग महाजालावर शोधत बसले. जे सापडलं ते इथे लिहून ठेवते. ज्यांना हे सगळं पाठ आहे त्यांनी मधला भाग सोडून दिला तरी चालेल, पण शेवट मात्र त्यांनीच आवर्जून वाचावा.

पहिली गंमत अशी की या गोष्टीतली दोन्ही पात्रं एकाच घरात जन्मली. घर म्हणजे अमेरिकेतली एमआयटी ही संस्था. तिथे १९६० च्या दशकात एक मोठा संगणक होता आणि 'सीटीएसएस' नावाच्या व्यवस्थेमुळे अनेकजण एकाच वेळी आपापल्या टंकयंत्रासारख्या यंत्रावरून तो वापरू शकत. १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी त्यावर 'मेल' नावाची आज्ञा तयार केली. एकाने दुसऱ्यासाठी निरोप ठेवायचा, दुसऱ्याने आल्यावर वाचायचा. ही झाली निरोपांची सुरुवात.

त्याच काळात त्याच यंत्रावर जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक एक प्रोग्रॅम लिहीत होते. त्यावरचा त्यांचा लेख जानेवारी १९६६ मध्ये छापून आला. प्रोग्रॅमचं नाव 'एलायझा'. हे नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले. ही एलायझा म्हणजे बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली फुलं विकणारी मुलगी, जिला बोलायला शिकवलं जातं. म्हणजे आपल्या पुलंच्या 'ती फुलराणी'ची मूळ नायिका! भक्ती बर्वेंनी १९७५ मध्ये आपल्याला जी मंजुळा दाखवली, तिचीच ही अमेरिकन बहीण म्हणायची. संगणकाला 'शुद्ध बोलायला' शिकवायचं, म्हणून हे नाव.

एलायझाला खरं तर काहीच कळत नव्हतं. तुमच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, 'मी'चं 'तुम्ही' करायचं आणि वाक्य प्रश्नाच्या रूपात परत द्यायचं, एवढंच तिचं काम. एखाद्याने आईविषयी काही लिहिलं की ती म्हणणार, घरच्यांबद्दल आणखी सांगा. तिची सर्वांत गाजलेली भूमिका होती मानसोपचारतज्ज्ञाची, कारण त्या माणसाने जगाबद्दल काहीही माहीत नसल्यासारखं विचारत राहिलं तरी ते खपतं. वायझेनबाउम यांनी पुढे लिहिलं आहे की त्यांची सचिव, जिने हा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने तयार होताना पाहिला होता, तिच्याशी थोडं बोलल्यावर त्यांना म्हणाली, आपण जरा खोलीबाहेर जाल का? समोर यंत्र आहे हे पूर्ण माहीत असूनही तिला एकांत हवासा वाटला. या प्रसंगाने ते अस्वस्थ झाले आणि ती अस्वस्थता त्यांना आयुष्यभर पुरली.

तर अशी ही दोन भावंडं, निरोप आणि बोलका प्रोग्रॅम. एकाच यंत्रात वाढली, पण दोघांची रीतसर गाठ पडायला अर्धं शतक जावं लागलं. मधल्या काळात चुकूनमाकून भेटी झाल्या, त्यांचे किस्से मोठे मजेदार आहेत.

बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही बॉस्टनजवळची कंपनी. तिथे एलायझाची 'डॉक्टर' ही आवृत्ती चालत असे. डॅनियल बोब्रो यांनी १९६८ मध्ये हा किस्सा छापला. सुट्टीच्या दिवशी सकाळी कंपनीचे एक उपाध्यक्ष आले आणि समोरच्या यंत्रावर टंकू लागले. त्यांना वाटलं, पलीकडे बोब्रो आपल्या घरच्या यंत्रावर बसले आहेत. प्रत्यक्षात पलीकडे 'डॉक्टर' होता. साहेबांनी संगणक वापरायला मागितला, तर उत्तरादाखल प्रश्न. काहीही विचारलं की उलट प्रश्न! चिडून त्यांनी मला फोन कर असं लिहिलं, पण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा राहिला. पूर्णविराम आल्याशिवाय डॉक्टर बोलत नसे, म्हणून तो गप्प. मग साहेबांनी स्वतःच बोब्रोंच्या घरी फोन लावला आणि असं खोचक का वागतोस म्हणून जाब विचारला. बोब्रो हसत सुटले. माझ्या मते निरोपाच्या जागी बॉट भेटल्याची ही पहिलीच नोंद असावी. आणि ती फसगतीची आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरी भेट १८ सप्टेंबर १९७२ ची. स्टॅनफर्डमध्ये केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने संशयाने पछाडलेल्या रुग्णासारखा बोलणारा 'पॅरी' नावाचा प्रोग्रॅम केला होता. त्या दिवशी अर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरून अमेरिकेच्या एका टोकाचा रुग्ण आणि दुसऱ्या टोकाचा डॉक्टर यांचं संभाषण घडवलं गेलं. व्हिंट सर्फ यांनी जानेवारी १९७३ मध्ये ते नोंदवून ठेवलं. दोन यंत्रं एकमेकांशी बोलली, मधे माणूस नाही. योगायोग बघा, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. पत्र नेमकं कुठे जायचं हे ठरवणारे सहा आकडे एका कवीने द्यावेत, याचा मला फार अभिमान वाटतो. पत्त्याची ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

पुढची वर्षं भराभर सांगते. १९८८ मध्ये फिनलंडच्या यार्को ओयकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था केली. त्यात माणसांच्या बरोबरीने बॉटही येऊन बसत, कोण आलं कोण गेलं यावर लक्ष ठेवत. २००१ मध्ये 'स्मार्टरचाइल्ड' नावाचा बॉट एओएल इन्स्टंट मेसेंजरवर आला. मित्रांच्या यादीत त्याचं नाव घालायचं आणि हवामान, बातम्या, खेळांचे निकाल विचारायचे. पण या बॉटना निरोप्याच्या घरात शिरून माणसासारखं सतत बसून राहावं लागे. जोडणी तुटली की बॉट गेला. शिवाय प्रत्येक मेसेंजरची तऱ्हा निराळी. एओएलचा तो मेसेंजर डिसेंबर २०१७ मध्ये बंद झाला. आपल्यापैकी अनेकांनी ज्यावर परदेशातल्या मुलांशी गप्पा मारल्या, तो याहू मेसेंजरही जुलै २०१८ मध्ये गेला.

आता मुख्य अडचणीकडे येते. महाजालाची जी भाषा आहे, एचटीटीपी, ती टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत केली. तिची रीत अशी की आपण विचारायचं आणि पलीकडच्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, उत्तर द्यायचं. विचारल्याशिवाय तो बोलत नाही. फार शिस्तीचं मूल! पण मग निरोप आला आहे हे बॉटला कळणार कसं? एकच मार्ग, सारखं विचारत राहायचं. आलं का? नाही. आलं का? नाही.

माझ्या लहानपणी गावातले लोक मनीऑर्डरची वाट बघत असले की रोज पोस्टात चक्कर मारायचे. पोस्टमास्तर मान हलवायचे की हे परत. दहा चकरांत नऊ फुकट. संगणकाच्या भाषेत याला 'पोलिंग' म्हणतात. आपल्या अनुदिन्यांचे फीड वाचणारे प्रोग्रॅम हेच करायचे. तुम्ही महिनाभर काही लिहिलं नाहीत तरी ते बिचारे येऊन बघून जात.

२००७ मध्ये जेफ लिंडसे या तरुणाने या उलट रीतीला नाव दिलं, वेबहुक. कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. पैसे जमा झाले की दुकानदाराच्या सर्व्हरला कळवण्याची सोय पेपालने त्याआधीच केली होती. लिंडसेचं म्हणणं होतं की सर्वांनीच असं करावं. तुम्ही आपला पत्ता देऊन ठेवा, काही घडलं की आम्हीच तुमच्या दारात येऊन सांगू. म्हणजे पोस्टाच्या चकरा बंद, टपालवाला दारात! भाषा तीच एचटीटीपी, फक्त विचारणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या. गळ टाकून ठेवायचा आणि मासा लागला की दोरी हलते, तसाच हा 'हुक'.

मग निरोपाच्या कंपन्यांनी एकेक करून ही दारं उघडली. टेलिग्रामने जून २०१५ मध्ये, फेसबुक मेसेंजरने एप्रिल २०१६ मध्ये, आणि व्हॉट्सॲपने ऑगस्ट २०१८ मध्ये, व्यवसायांसाठी. १९६५ ची भावंडं अखेर भेटली. टेलिग्रामवर दोन्ही पद्धती ठेवल्या आहेत. चकरा मारायच्या असतील तर तशी सोय, पत्ता द्यायचा असेल तर तशी. पत्ता दिला की चकरा बंद. बॉटने निरोप उचललाच नाही तर टेलिग्राम तो २४ तासांपेक्षा जास्त सांभाळत नाही.

जोडणी प्रत्यक्षात कशी होते ते विद्यार्थ्याने मला दोनदा सांगितलं, तेव्हा कळलं. तुम्ही मेसेंजरला आपल्या सर्व्हरचा पत्ता देता आणि एक परवलीचा शब्द ठरवता. लगेच मेसेंजरचा सर्व्हर त्या पत्त्यावर येतो, परवलीचा शब्द सांगतो आणि एक मजकूर देतो. तुमच्या सर्व्हरने परवल ओळखून तोच मजकूर जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. जमलं तर पत्ता खरा. किल्ल्याच्या दिंडी दरवाजावर रात्री जे चालायचं, तेच. ही रीत २००९ च्या 'पबसबहबब' नावाच्या व्यवस्थेतून आली आहे. नाव उच्चारताना माझे तर ओठच अडकले.

दुसरी काळजी अशी की दारावर आलेला टपालवाला खरा कशावरून? पत्ता कळला तर कोणीही खोटा निरोप आणून टाकील. त्यासाठी प्रत्येक निरोपाबरोबर एक सही येते. फक्त दोघांनाच ठाऊक असलेलं गुपित आणि निरोपाचा मजकूर मिळून ती तयार होते. मजकुरात काना-मात्रेचा फरक पडला तरी सही जुळत नाही. हे ऐकताना मला मराठेशाहीतली पत्रं आठवली. सुरुवातीला शिक्का आणि शेवटी मोर्तब. मोर्तबाच्या खाली कोणी काही घुसडलं तर ते लगेच उघडं पडे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, त्याचं काम आता संगणक करतो आहे!

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. निरोप मिळाल्याबरोबर बॉटने आधी पोच द्यायची, आकडा २००, म्हणजे 'मिळालं'. उत्तर काय द्यायचं त्याचा विचार नंतर. पोच वेळेत गेली नाही, तर टपालवाला समजतो की घरी कोणी नव्हतं, आणि तेच पत्र पुन्हा आणतो. माझ्या विद्यार्थ्याचा बॉट आधी उत्तर शोधत बसे आणि पोच उशिरा देई. परिणाम असा की एकाच प्रश्नाला तीन-तीनदा उत्तर जायचं. त्याला कारण सापडायला दोन दिवस लागले. मी म्हटलं, "अरे, वर्गात काय शिकवलं होतं? हजेरीला आधी 'हजर, बाई' म्हणायचं, गणित नंतर सोडवायचं." तो म्हणाला, "बाई, हे वाक्य आमच्या ऑफिसात लावतो."

या जोडणीचा उपयोग किती झाला हे आपण २०२० मध्ये पाहिलं. करोनाची टाळेबंदी सुरू होण्याच्या सुमारास मार्च महिन्यात केंद्र सरकारने व्हॉट्सॲपवर मदतकेंद्र सुरू केलं, त्यामागचा बॉट मुंबईच्या हॅप्टिक या कंपनीचा होता. ऑगस्ट २०२१ पासून लसीचं प्रमाणपत्रही तिथेच मिळू लागलं. लाखो माणसं एकाच वेळी विचारणार, तेव्हा फोनवर बसायला माणसं आणायची कुठून? तिथे बॉटच हवा होता. मी यंत्रांच्या विरुद्ध नाही, हे आधी स्पष्ट केलेलं बरं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

माझ्या एका मैत्रिणीचे यजमान गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामासाठी तिला एका कार्यालयाचा व्हॉट्सॲप क्रमांक मिळाला. ती जुन्या पद्धतीची. 'स.न.वि.वि.' लिहून तिने सुरुवात केली, यजमानांचं नाव, गेल्याची तारीख, आजार काय होता, कोणते कागद तिच्याजवळ आहेत, सगळं नीट लिहिलं. तत्क्षणी उत्तर आलं की आपला पर्याय समजला नाही, मुख्य यादीसाठी १ लिहा. तिला वाटलं, पलीकडच्या बाईंना किंवा साहेबांना आपलं लिहिणं कळलं नाही. म्हणून तिने पुन्हा, अधिक सविस्तर लिहिलं आणि शेवटी तसदीबद्दल क्षमा मागितली. तेच उत्तर. तिसऱ्या वेळेनंतर तिने फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "माझं काय चुकतंय गं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. वेबहुकचंही चुकलं नव्हतं, त्याने पत्र क्षणात पोचवलं होतं. शिक्का बरोबर, मोर्तब बरोबर, पोचही वेळेवर गेली असणार. पण पत्र पोचलं आणि वाचणारं कोणी नव्हतं. वायझेनबाउम यांच्या सचिवेला निदान माहीत होतं की आपण यंत्राशी बोलतो आहोत. माझ्या मैत्रिणीला कोणी सांगितलंच नाही. बोब्रोंच्या साहेबांसारखी तिची फसगत झाली, फक्त इथे शेवटी कोणी हसलं नाही.

आणि जागा पाहा कोणती. एलायझाशी बोलायला उठून त्या यंत्रापाशी जावं लागे. आता ज्या यादीत मुलगा आहे, नात आहे, भजनी मंडळाचा गट आहे, त्याच यादीत हा बॉट बसला आहे, तसाच गोल फोटो लावून. जिथे आपण फक्त माणसांशी बोलतो अशी सवय झाली, तिथे वेबहुकने यंत्राला आणून बसवलं. मन तिथे आपोआप मोकळं होतं. शिवाय आपलं लिहिणं फिरतं किती! आधी निरोपाच्या कंपनीकडे, तिथून हुकाने बॉटवाल्याच्या सर्व्हरवर, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून पुष्कळदा तिथून पुढे, उत्तर रचून देणाऱ्या तिसऱ्याच कंपनीकडे. मग त्याच वाटेने उलट. हल्लीचे बॉट माझ्या मैत्रिणीचं पत्र समजल्यासारखं छान उत्तर देतील, सांत्वनही करतील. पण तिचं काम अडलं होतं ते करण्याचा अधिकार असलेला माणूस हवा होता, तो त्यानेही मिळणार नाही.

यावर उपाय नाही असं नाही. मेसेंजरने २०१७ मध्येच बॉटकडून संभाषण माणसाच्या हाती सोपवण्याची रीत करून ठेवली. व्हॉट्सॲपच्या नियमांतही आहे की बॉट वापरलात तरी माणसापर्यंत जाण्याची वाट स्पष्ट ठेवा. म्हणजे तारा आहेत, जोडणाऱ्याच्या मनात असलं पाहिजे.

वायझेनबाउम ज्यू होते. १९२३ मध्ये बर्लिनला जन्मले, १९३६ मध्ये नाझींच्या राजवटीतून कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले. १९७६ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहून सांगितलं की संगणकाला जमतील अशीही काही कामं असतात जी त्याला देऊ नयेत. ज्या माणसाने पहिला बोलका प्रोग्रॅम केला त्यानेच हे म्हणावं! अनेक सहकारी त्यांच्यावर नाराज झाले. २००८ मध्ये ते गेले. एलायझाचा मूळ प्रोग्रॅम हरवला असं समजलं जाई, पण २०२१ मध्ये एमआयटीच्या संग्रहात कागदावर छापलेला सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये काही अभ्यासकांनी तो पुन्हा चालवून दाखवला. साठ वर्षांची फुलराणी पुन्हा बोलली.

ही हकीकत मी विद्यार्थ्याला सांगितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला की त्याच्या बॉटच्या पहिल्याच ओळीत आता 'मी यंत्र आहे' असं मराठीत लिहीन, आणि दोनदा उत्तर समजलं नाही तर निरोप ऑफिसातल्या माणसाच्या फोनवर जाईल असं करीन. किती काम वाढेल, मी विचारलं. "एका दिवसाचं, बाई."

असो. लेख फार लांबला. तुमच्यापैकी कोणाची मुलं, सुना, जावई या जोडणीच्या कामात असतील तर त्यांना एवढं विचारा की त्यांच्या हुकाच्या टोकाला माणूस आहे का. माझ्या मैत्रिणीचं काम नंतर झालं. तिचा भाचा तिला घेऊन कार्यालयात गेला, तिथल्या बाईंनी कागद पाहिले, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पंधरा मिनिटांत अर्ज भरून घेतला.